न मारलेल्या शॉटची नोंदवही: टप्पा तिसरा

एन.बी.ए. या बास्केटबॉल लीगमधल्या सॅन अँटोनियो स्पर्स संघाचा खेळाडू व्हिक्टर वेम्बन्यामा याच्या पहिल्या हंगामातले, म्हणजे २०२३-२४ चे, स्पर्सचे सामने पुन्हा लावून त्याच्या बचावाची एकेक चाल वहीत उतरवण्याचा उद्योग मी गेल्या पावसाळ्यात सुरू केला, त्याचा हा तिसरा अहवाल आहे. पहिल्या दोन टप्प्यांतले बरेचसे काम मला या वेळी खोडावे लागले, त्यामुळे आधी ते का खोडले हे सांगणे भाग आहे.

सुरुवातीला वहीत तीनच रकाने होते: ब्लॉक (समोरच्याचा शॉट हाताने अडवणे), स्टील (बॉल हिसकावणे) आणि बचावातले रिबाउंड (चुकलेल्या शॉटचा बॉल ताब्यात घेणे). हे तिन्ही आकडे अधिकृत नोंदीत आयतेच मिळतात, मग ते मी हाताने का लिहीत होतो, असा प्रश्न माझ्या धाकट्या भावाने विचारला आणि त्याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. वेम्बन्यामा त्या हंगामात ७१ सामने खेळला, सामन्यामागे ३.६ ब्लॉकसह लीगमध्ये पहिला आला आणि त्याचे एकूण ब्लॉक २५४ झाले, हे कोणीही पाहून सांगेल. पण तो सरासरी २९.७ मिनिटे मैदानावर असे आणि आजच्या वेगात एका सामन्यात प्रत्येक संघाला साधारण शंभर चाली, म्हणजे बॉल हाती येण्याच्या पाळ्या, मिळतात. म्हणजे त्याच्या वाट्याला बचावाच्या साठ-बासष्ट चाली येत असाव्यात. त्यांतल्या साडेतीन-चार चालींचा शेवट ब्लॉकने होतो असे धरले, तर हे प्रमाण शंभरात सहा पडते. उरलेल्या चौऱ्याण्णव चालींत हा सात फूट चार इंचांचा आणि आठ फूट हातपसाऱ्याचा मुलगा काय करत होता, हे माझ्या वहीत कुठेच नव्हते. ज्या बचावासाठी त्याला एवढे नावाजले गेले, तो बहुतेक सगळा याच चौऱ्याण्णव चालींत घडला असला पाहिजे, हे लक्षात यायला मला दोन महिने लागले.

त्यातून चौथा रकाना आला. त्याचे नाव मी ‘न मारलेला शॉट’ असे ठेवले आहे. समोरचा गार्ड (बॉल घेऊन येणारा खेळाडू) स्क्रीनवरून, म्हणजे वाट अडवून उभ्या राहिलेल्या सहकाऱ्याला वळसा घालून, पेंटमध्ये, म्हणजे रिंगसमोरच्या आखलेल्या चौकोनात, शिरतो, डोके वर करतो, वेम्बन्यामा त्याला दिसतो, आणि लेअपसाठी (रिंगजवळच्या सोप्या शॉटसाठी) उचललेला बॉल तो कोपऱ्यातल्या सहकाऱ्याकडे फेकतो किंवा ड्रिबल करत रिंगखालून तसाच पलीकडे बाहेर पडतो. अधिकृत नोंदीत या प्रसंगाला जागा नाही. पुढे कोपऱ्यातून थ्री पॉइंटर (लांबून मारलेला तीन गुणांचा शॉट) गेला तर ते त्या शूटरचे कौतुक ठरते, आणि चुकला तर रिबाउंड ज्याच्या हाती पडला त्याच्या नावावर जमा होतो. एका चालीचे चित्र असे असते: वेम्बन्यामा रिंगपासून तीन-चार पावलांवर गुडघे वाकवून उभा आहे, एक हात ड्रिबल करणाऱ्याच्या दिशेने पुढे आहे आणि दुसरा मागच्या बाजूला, आत धावणाऱ्या सेंटरकडे (रिंगजवळ खेळणाऱ्या, सहसा सर्वांत उंच खेळाडूकडे) जाणाऱ्या लॉबच्या, म्हणजे उंच पासच्या, वाटेत पसरलेला आहे. त्याने पुढेही उडी घेतलेली नाही आणि मागेही सरकलेला नाही. दोघांना सांभाळताना साध्या उंचीच्या सेंटरला दोघांपैकी एकाला सोडावे लागते. याला ते सोडणे पुढे ढकलता येते, आणि तेवढ्या अर्ध्या सेकंदात स्क्रीनमध्ये अडकलेला स्पर्सचा गार्ड मागून येऊन पोहोचतो. व्हिडिओ चौकट-चौकट पुढे नेला की हा अर्धा सेकंद डोळ्यांना दिसतो. सलग पाहताना तो निसटतो.

मात्र हा रकाना भरताना मी फसलो, हे कबूल करतो. बॉल बाहेर फेकला गेला की मी खूण करत गेलो. नंतर त्यातलाच एक क्वार्टर (सामन्याचा पाव भाग) भावाला स्वतंत्रपणे नोंदवायला दिला, तेव्हा माझ्या खुणा त्याच्या खुणांच्या जवळजवळ दुप्पट निघाल्या. वाद घालत पुन्हा पाहिले तेव्हा कळले की कित्येक पास मुळात ठरलेल्या चालीचाच भाग होते; वेम्बन्यामा बाकावर बसलेला असता तरी ते तिथेच गेले असते. म्हणून आता नियम कडक केला आहे. बॉल असलेल्या खेळाडूचा पाय पेंटमध्ये पडलेला असला पाहिजे, वेम्बन्यामा त्याच्यापासून दोन हातांच्या टप्प्यात असला पाहिजे, आणि खेळाडूने शॉटची सुरुवात करून ती मोडलेली दिसली पाहिजे. या तिन्हींपैकी एक गोष्ट कमी पडली तरी खूण नाही. आधीच्या दोन टप्प्यांतली पाने याच कारणाने रद्द केली आहेत आणि ती पुन्हा भरणे चालू आहे. तुमच्यापैकी कोणी असे काम करत असेल, तर पहिल्याच आठवड्यात दुसऱ्या माणसाकडून एक क्वार्टर नोंदवून घ्यावा. मी तो नंतर घेतला आणि त्याची किंमत मोजली.

या टप्प्यात सर्वांत जास्त हाती लागले ते डिसेंबर २०२३ च्या आधीचे आणि नंतरचे सामने शेजारी शेजारी ठेवून पाहिल्यावर. हंगामाच्या सुरुवातीला स्पर्सचे तेव्हाचे प्रशिक्षक ग्रेग पोपोविच यांनी झॅक कॉलिन्सला सेंटर ठेवले होते आणि वेम्बन्यामाला पॉवर फॉरवर्ड. एकोणीस वर्षांच्या, अंगाने काटकुळ्या मुलाला धिप्पाड सेंटरशी रोज झुंजायला लावू नये, हा त्यामागचा विचार समजण्यासारखा होता. पण त्याचा परिणाम असा झाला की बचावात त्याच्या वाट्याला बाहेर उभे राहणारे फॉरवर्ड येत, आणि संघातला सर्वांत लांब हातांचा माणूस रिंगपासून वीस-बावीस फुटांवर, थ्री पॉइंट रेषेच्या आसपास पहारा देत राही. तिथूनही तो मदतीला पोहोचत असे, थ्री पॉइंटर मारणाऱ्याचा बॉलसुद्धा अडवत असे, आणि ती दृश्ये पाहायला फार सुंदर असतात हे खरेच. पण ड्राइव्ह करणाऱ्या, म्हणजे बॉल घेऊन रिंगकडे घुसणाऱ्या, गार्डला डोके वर केल्यावर रिंगसमोर तो दिसत नसे, आणि माझा चौथा रकाना नेमका त्या दिसण्यावर अवलंबून आहे. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात त्याला सेंटरला आणले गेले. संघाची सलग पराभवांची मालिका तेव्हाही चालूच होती. ती १८ सामन्यांपर्यंत, म्हणजे स्पर्सच्या इतिहासातल्या नीचांकापर्यंत गेली आणि १५ डिसेंबरला लेकर्सविरुद्ध थांबली. निकालात फरक दिसायला वेळ लागला, पण वहीत तो पानागणिक दिसतो. जागा बदलल्यानंतरच्या सामन्यांत चौथ्या रकान्यातल्या खुणा दाट होत जातात.

इथे एक नियम ध्यानात ठेवावा लागतो, तो पहिल्या टप्प्यात मी विसरलो होतो. एन.बी.ए.मध्ये कोणाला हाताच्या अंतरावरून प्रत्यक्ष अडवत नसाल, तर पेंटमध्ये सलग तीन सेकंदांपेक्षा जास्त उभे राहता येत नाही. म्हणून सेंटरला आणल्यावरही वेम्बन्यामा रिंगखाली खांब होऊन उभा राहू शकत नाही. त्याला एक पाय बाहेर काढून पुन्हा आत यावे लागते. अनेक चालींत तो शूटिंगला कच्च्या खेळाडूला नावापुरता सांभाळतो आणि पेंटच्या कडेवर आत-बाहेर करत राहतो. लांबून हे रेंगाळल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात तो मनात सेकंद मोजत असतो.

आता ब्लॉकच्या आकड्यांचा मान राखून एक सामना सांगतो. भारतीय वेळेनुसार १३ फेब्रुवारी २०२४ च्या सकाळी टोरांटोमध्ये त्याने २७ गुण, १४ रिबाउंड आणि १० ब्लॉक केले, आणि स्पर्सने १२२-९९ असा विजय मिळवला. ब्लॉक मोजून झालेला ट्रिपल-डबल (तीन खात्यांत दहा किंवा त्याहून जास्त) ही नवोदिताच्या बाबतीत फारच दुर्मीळ गोष्ट आहे. त्याच महिन्यात लेकर्सविरुद्ध त्याने २७ गुण, १० रिबाउंड, ८ असिस्ट (सहकाऱ्याला गुण मिळवून देणारे पास), ५ स्टील आणि ५ ब्लॉक अशी पाचही खात्यांत पाचच्या वरची किंवा बरोबरीची नोंद केली. तो सामना मात्र स्पर्स हरले. दोन्ही सामने वहीत आहेत. टोरांटोच्या सामन्याबद्दल माझे मत जरा वेगळे आहे: दहा ब्लॉक होण्यासाठी समोरच्यांनी तितके शॉट त्याच्या हातापर्यंत न्यावे लागतात. ज्या दिवशी प्रतिस्पर्धी सावध असतात त्या दिवशी ब्लॉक दोन-तीनच दिसतात, आणि बचावाच्या दृष्टीने तो दिवस कदाचित अधिक चांगला असतो.

याच्या उलट टोकाचा सामना म्हणजे २२ जानेवारी २०२४ चा, फिलाडेल्फियातला. फिलाडेल्फियाचा सेंटर जोएल एम्बीड याने त्या रात्री ७० गुण केले. स्पर्स १३३-१२३ असे हरले आणि वेम्बन्यामाने स्वतः ३३ गुण केले. एम्बीडने ४१ शॉट मारले, त्यांतले २४ गेले, आणि फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारे मोकळे शॉट) २३ पैकी २१. माझ्या दृष्टीने यातला महत्त्वाचा आकडा ७० नसून ४१ आहे, कारण तो सांगतो की हा माणूस शॉट मारायला एकदाही कचरला नाही. एम्बीडला पोस्टमध्ये, म्हणजे रिंगजवळ, पाठ टेकवून, खांद्याने ढकलत जागा करता येते, आणि नुकत्याच विशीत पाऊल ठेवलेल्या वेम्बन्यामाकडे ते वजन पेलण्याइतका भार नव्हता. संघाने कॉलिन्सलाही त्याच्या अंगावर घातले, दोघांनी मिळून घेरूनही पाहिले. लांबीचा धाक ड्राइव्ह करणाऱ्याला बसतो, कारण तो वेगात असतो आणि त्याला एकदाच ठरवायचे असते. ज्याला अंगाला अंग भिडवून चार ड्रिबल करण्याची फुरसत आहे, त्याला तो बसत नाही. माझ्या चौथ्या रकान्याची हद्द या सामन्याने दाखवून दिली.

मग असा बचाव हाती असूनही संघ २२ सामने जिंकून ६० का हरला, हा प्रश्न उरतो, आणि तो मला सगळ्यांत जास्त छळतो. त्याचा एक भाग साधा आहे: उरलेली अठरा मिनिटे तो बाकावर असे आणि ११ सामने तो खेळलाच नाही. दुसरा भाग मला वहीमुळे कळला. हंगामाच्या पहिल्या दोन महिन्यांत पोपोविच यांनी मुळात फॉरवर्ड असलेल्या जेरेमी सोहानला पॉइंट गार्ड, म्हणजे आक्रमण चालवणारा गार्ड, म्हणून खेळवून पाहिले. बॉल मध्येच हातचा गेला की प्रतिस्पर्धी पळत सुटतात, आणि त्या धावत्या चालींत वेम्बन्यामा अजून समोरच्या रिंगजवळच असतो. म्हणजे आक्रमणातली चूक बचावातला त्याचा उपयोग परस्पर काढून घेते. अशा चाली मी आता वेगळ्या शाईने लिहितो, कारण त्यांचा दोष त्याच्या माथी मारणे अन्यायाचे आहे आणि त्या वगळून त्याचे गुण गाणेही तितकेच खोटे आहे.

तुलनेला त्याच हंगामातला दुसरा नवोदित सेंटर घ्यावा. ओक्लाहोमा सिटीचा चेट होल्मग्रेन सर्व ८२ सामने खेळला, त्याचे ब्लॉक सामन्यामागे २.३ होते, आणि त्याचा संघ ५७ सामने जिंकून पश्चिम विभागात पहिला आला. त्याच्यापुढे लू डॉर्टसारखे गार्ड होते, जे ड्राइव्ह पहिल्याच पावलाला रोखतात. रिंगचा राखणदार ही शेवटची तटबंदी असते. पुढची वेस उघडी असेल तर तिच्यावर किती भार येतो, हे स्पर्सच्या सामन्यांत दिसते. स्पर्सच्याच इतिहासात पाहिले, तर १९८९-९० मध्ये डेव्हिड रॉबिन्सन पहिल्या हंगामात सामन्यामागे ३.९ ब्लॉक करत आला आणि संघ २१ विजयांवरून ५६ वर गेला. ही झेप एकट्या त्याच्या नावावर लिहिण्याचा मोह मला झाला होता. पण टेरी कमिंग्ज आणि शॉन एलियट हेही त्याच हंगामात संघात आले, हे पाहिल्यावर ते वाक्य खोडले. शिवाय रॉबिन्सन साडेछत्तीस मिनिटे खेळत असे. मिनिटांचा हिशेब सारखा करून छत्तीस मिनिटांमागे पाहिले, तर वेम्बन्यामाचे ब्लॉक ४.३ आणि रॉबिन्सनचे ३.८ पडतात.

मतदान करणाऱ्यांनी तरी संघाच्या पराभवांकडे पाहून त्याला खाली ओढले नाही. सर्वोत्तम बचावपटूच्या मतदानात तो रूडी गोबेअरच्या मागे दुसरा आला, आणि ऑल-डिफेन्सिव्ह पहिल्या संघात (हंगामातल्या पाच सर्वोत्तम बचावपटूंच्या यादीत) निवड झालेला तो पहिलाच नवोदित ठरला. ही निवड १९६८-६९ पासून होते. करीम अब्दुल-जब्बार (तेव्हाचा ल्यू अल्सिंडर), हकीम ओलाजुवान, मनूट बोल, रॉबिन्सन आणि टिम डंकन हे सगळे पहिल्या हंगामात दुसऱ्या संघापर्यंतच पोहोचले होते.

पुढच्या टप्प्यासाठी दोन कामे ठरवली आहेत. रद्द केलेल्या पानांपैकी नोव्हेंबरचे सामने नव्या नियमाने पुन्हा नोंदवायचे आहेत, म्हणजे फॉरवर्ड आणि सेंटर या दोन जागांची तुलना एकाच मापाने होईल. दुसरे काम पाचव्या रकान्याचे आहे: वेम्बन्यामाला पाहून बाहेर फेकलेल्या बॉलवर पुढे काय झाले, थ्री पॉइंटर गेला, चुकला की शॉट क्लॉकच (शॉट मारण्यासाठी दिलेली वेळ) संपले. भाऊ यातला प्रत्येक दुसरा सामना नोंदवायला तयार झाला आहे, पण फिलाडेल्फियाचा सामना आपल्या वाट्याला येऊ नये अशी त्याची अट आहे.