टॉलपडलचं मातीचं चॅपल

इंग्लंडमधल्या डॉर्सेटच्या टॉलपडल गावात १८१८ साली मेथडिस्ट या प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी आपलं चॅपल, म्हणजे छोटं प्रार्थनागृह, बांधलं. भिंती मातीच्या. तिकडे या कामाला कॉब म्हणतात. पुढे उपासना बंद पडली आणि इमारत शेतीचं कोठार झाली.

शेतमजुरांना या पंथाने शिस्त शिकवली, हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं. दहा-बारा जणांचा 'क्लास' दर आठवड्याला बसायचा. वर्गणी आठवड्याला एक पेनी आणि तिमाहीला एक शिलिंग. स्थानिक उपदेशक बिनपगारी, त्यांच्यातलेच. जॉर्ज लव्हलेस हा त्यातलाच एक, दिवसभर नांगर धरणारा. आठवड्याची मजुरी नऊ शिलिंगांवरून आठ, मग सात झाली आणि सहाची धमकी आली, तेव्हा १८३३ मध्ये त्याने मजुरांचा संघ उभा केला. प्रवेश फी एक शिलिंग, आठवड्याला एक पेनी! हिशेब जवळजवळ क्लासचाच. संघ बेकायदा नव्हता, म्हणून गुप्त शपथेचं कलम लावलं आणि मार्च १८३४ मध्ये सहा जणांना सात वर्षं ऑस्ट्रेलियात काळ्या पाण्याची शिक्षा झाली. सहापैकी पाच मेथडिस्ट होते. देशभर गदारोळ झाल्यावर १८३६ मध्ये सरकारला माफी द्यावी लागली.

आता भिंतींबद्दल. चिकणमाती, खडी आणि गव्हाचं काड पाण्यात तुडवायचं, दगड-विटांच्या जोत्यावर दीड-दोन फुटांचा थर रचायचा, तो सुकून घट्ट झाला की कडा तासून वरचा थर. घाई केली तर खालचा थर पोट काढतो. मराठवाड्यातल्या पांढऱ्या मातीच्या भिंतींसारखंच हिचंही वैर पाण्याशी. छप्पर गळलं की वरून झिजते, जोत्याशी माती साचली की खालून ओल चढते.

खरा घात मात्र सिमेंटच्या गिलाव्याने होतो. सिमेंट ओल बाहेर जाऊ देत नाही, ती आतच कोंडते, पायाकडची माती मऊ पडते आणि बाहेरून धडधाकट दिसणारी भिंत एकदम बसते. म्हणून दुरुस्तीत आधी सिमेंट उतरवायचं, जोत्याभोवतीची माती काढायची, भिंत महिनोन्‌महिने सुकू द्यायची. पडलेल्या भागात ओला कॉब भरला तर तो आकसून फट सोडतो. त्याऐवजी त्याच मातीचे ठोकळे पाडून, पूर्ण वाळवून, मातीच्याच गाऱ्यात बसवायचे. वरून चुन्याचा गिलावा, त्यावर चुन्याची सफेदी.