दोन लाल वर्तुळं

सायगॉनच्या इंडिपेंडन्स पॅलेसच्या गच्चीवर एक हेलिकॉप्टर उभं आहे आणि त्याच्याजवळ जमिनीवर लाल रंगाची दोन मोठी वर्तुळं काढली आहेत. दोरीच्या अलीकडे उभे राहून मामा ती न्याहाळत होते. मामा म्हणजे बायकोचे मामा. साताऱ्याकडचे, फौजेत चोवीस वर्षं काढून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले.

"जावईबापू, ही खूण कशाची?"

"बाँब पडल्याची."

"अमेरिकेचा, का उत्तरेकडल्यांचा?"

"विमान यांच्याच हवाई दलाचं होतं मामा."

मामांनी टोपी काढली, घाम पुसला आणि पुन्हा त्या वर्तुळांकडे बघितलं. सायगॉनच्या त्या उन्हात त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच कुतूहल दिसलं. तोवर ते माझ्यावर थोडे नाराजच होते. त्यांना व्हिएतनामला यायचं होतं ते व्हॉट्सअॅपवरच्या त्या मेसेजमुळे. तुम्हालाही आला असेल: शिवाजी महाराजांचा गनिमी कावा वाचून व्हिएतनामने अमेरिकेला हरवलं, आणि तसं तिथे कुणाच्या तरी समाधीवर कोरलंय. मी विमानातच सांगून टाकलं होतं की याला कसलाच पुरावा मला कधी सापडलेला नाही. महाराजांना असल्या मेसेजच्या दाखल्याची गरजही नाही. पण मामांचा हिरमोड झाला तो झालाच.

तर ही इमारत. इंडिपेंडन्स पॅलेस, दक्षिण व्हिएतनामच्या राष्ट्राध्यक्षांचा वाडा. तेव्हा देशाचे दोन भाग होते: उत्तर कम्युनिस्टांकडे, दक्षिण अमेरिकेच्या बाजूचं. आधी इथे फ्रेंच गव्हर्नरचा नोरोदोम पॅलेस होता. १९५४ मध्ये फ्रेंच निघाले आणि दक्षिणेचे पंतप्रधान न्गो दिन्ह दिएम इथे राहायला आले. पुढच्याच वर्षी जनमत घेऊन त्यांनी बादशहा बाओ दाई यांना बाजूला केलं. ९८ टक्क्यांहून जास्त मतं दिएमना! सायगॉन शहरात तर यादीतल्या मतदारांपेक्षा जास्त मतं पडली. आपल्याकडच्या एखाद्या साखर कारखान्याच्या निवडणुकीतही इतकं धाडस कुणी करत नाही.

२७ फेब्रुवारी १९६२ च्या सकाळी दक्षिण व्हिएतनामच्याच दोन वैमानिकांनी अमेरिकेने दिलेली स्कायरेडर विमानं इथे आणली आणि वाड्यावर बाँब टाकले. त्यांना पाठवलं होतं मेकाँगच्या मुखाकडे, बंडखोरांवर. एक बाँब दिएम वाचत बसले होते त्या खोलीपर्यंत पोचला, पण फुटला नाही. वाड्याची एक बाजू ढासळली. दिएमनी सगळंच पाडून नवीन बांधायला सांगितलं. आज दिसतो तो वाडा न्गो विएत थू या वास्तुविशारदाचा. उद्घाटन झालं १९६६ मध्ये, तेव्हा दिएम जाऊन तीन वर्षं होत आली होती. म्हणजे ज्यांनी बांधायला घेतला ते इथे एक रात्रही झोपले नाहीत.

गच्चीवरची वर्तुळं मात्र दुसऱ्या खेपेची. ८ एप्रिल १९७५, वैमानिक न्गुएन थान्ह त्रुंग. अमेरिकेत शिकून आलेला, अमेरिकेनेच दिलेलं एफ-५ लढाऊ विमान चालवणारा, आणि आतून कधीचाच कम्युनिस्ट. म्हणजे या वाड्यावर दोनदा विमानातून बाँब पडले आणि दोन्ही वेळा विमान घरचंच.

"घरच्या कुत्र्यानं दोनदा चावायचं म्हणजे..." मामा पुढचं बोलले नाहीत.

मग आम्ही थेट तळघरात उतरलो. मधले मजले मी झटकन आटोपले. गालिचे, झुंबरं, हत्तीचे पोकळ पाय. ज्यांना हौस आहे त्यांनी बघावेत. तळघर मात्र सोडू नका. अरुंद बोळ, दोन्ही बाजूंना छोट्या खोल्या आणि प्रत्येक खोलीत टेबलावर राखाडी-हिरव्या वायरलेस सेटची रांग. मामा एका सेटपाशी वाकले. बटणांखालच्या पट्ट्या वाचायला त्यांनी चष्मा वर-खाली केला. अक्षरं सगळी इंग्रजी. भिंतीवर नकाशे, कोपऱ्यात रंगीत टेलिफोन, आणि एका खोलीत राष्ट्राध्यक्षांसाठी एकेरी पलंग. आमच्या हॉस्टेलला होता तसाच.

"आवं, पण ही फौज उभी केली कुणी?" मामांनी विचारलं. हा त्यांचा प्रांत, आणि मी नेमकं तेच वाचून आलो होतो.

दिएमची फौज अमेरिकन सल्लागारांनी उभी केली. त्यांच्या डोळ्यांपुढे ताजा होता कोरिया. तिथे उत्तरेकडून रणगाडे घेऊन सैन्य सीमा ओलांडून आलं होतं, म्हणजे इथेही तसंच येणार. म्हणून त्यांनी सात डिव्हिजन बांधल्या, तोफखान्यासह, अमेरिकन पद्धतीच्या. प्रत्यक्षात शत्रू सीमेवर नव्हताच. तो गावात होता. रात्री यायचा, सरपंचाला उचलायचा, सारा गोळा करायचा. गाव राखायचं काम होतं सिव्हिल गार्ड नावाच्या दलाकडे आणि गावरक्षकांकडे, जुन्या रायफली घेऊन. त्यातही ओढाताण. अमेरिकेतून सल्ला द्यायला आलेले मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीचे तज्ज्ञ सांगत की हे गावचे पोलीस असावेत. दिएमना हवी होती स्वतःच्या शब्दावर चालणारी आणखी एक फौज.

कारण दिएमना खरी भीती होती स्वतःच्या सेनापतींची. नोव्हेंबर १९६० मध्ये छत्रीधारी पलटणींनी वाड्याला वेढा घातलाच होता. त्यानंतर बढती कुणाला? लढणाऱ्याला नाही, भरवशाच्या माणसाला. जिल्ह्याजिल्ह्यांत लष्करी अधिकारीच कलेक्टर, आणि ते थेट वाड्याला जबाबदार. धाकटा भाऊ न्हू याच्या हाती गुप्त पोलीस आणि कान लाओ नावाचा अर्धगुप्त पक्ष. आदल्या दिवशी आम्ही वॉर रेम्नंट्स म्युझियममध्ये फ्रेंचांनी आणलेलं गिलोटिन बघितलं होतं. दिएमच्या १९५९ च्या १०/५९ कायद्याने लष्करी न्यायालयं थेट मृत्युदंड देऊ लागली, तेव्हा हे यंत्र पुन्हा कामाला आलं. मामीने तिथून तोंड फिरवलं आणि बाहेर जाऊन बसली.

आणि इतका बंदोबस्त करून निष्पन्न काय? १९६२ मध्ये शेतकऱ्यांना उठवून बांबूच्या कुंपणातल्या, खंदकांच्या वसाहतींत नेण्याची मोठी योजना निघाली. नमुना इंग्रजांनी मलायात वापरलेला. त्या कामावर नेमलेला एक कर्नल, फाम न्गोक थाओ, हाच उत्तरेचा हेर. पुढे थिएउ राष्ट्राध्यक्ष असताना त्यांच्या सल्लागारांत वावरणारा वू न्गोक न्हा, तोही हेर. १९६९ मध्ये पकडला गेला. खाली तळघर जाड भिंतींचं आणि वर चहाला हेर.

मामा शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "आपल्याकडं शिंद्यांचे कंपू होते की."

मला हे सुचलं नव्हतं. महादजींनी द बॉयन या युरोपियन सेनानीकडून कवायती कंपू, म्हणजे युरोपियन पद्धतीच्या पलटणी, उभे करून घेतले, उत्तर हिंदुस्थानात त्यांच्यापुढे कुणी टिकेना. १८०३ मध्ये इंग्रजांशीच युद्ध जुंपलं तेव्हा त्या कंपूंचे किती तरी गोरे अधिकारी शिंद्यांना सोडून गेले. द बॉयननंतर कंपूंचा सेनापती झालेला पेराँ स्वतः इंग्रजांच्या आश्रयाला गेला. तुलना पूर्ण जुळत नाही, शिंद्यांचे ते पगारी नोकर होते, इथे पगार देणाराच परका होता. पण मामांना जे म्हणायचं होतं ते कळलं.

आणखी एका गोष्टीने मामा चकित झाले. देशाची उत्तर-दक्षिण वाटणी करणाऱ्या १९५४ च्या जिनिव्हा करारावर लक्ष ठेवायला जो आंतरराष्ट्रीय आयोग नेमला, त्याचं अध्यक्षपद भारताकडे होतं, सोबत कॅनडा आणि पोलंड. आपले लष्करी अधिकारी या शहरात होते. १९६२ च्या अहवालात आयोगाने उत्तरेला दक्षिणेत घातपात घडवल्याबद्दल धरलं आणि दक्षिणेला अमेरिकेशी प्रत्यक्षात लष्करी युती केल्याबद्दल. दोघांनाही राग. "पंचाचं काम असंच," मामा म्हणाले.

दुपारी टॅक्सी करून चोलॉनला गेलो, चिनी वस्तीत. या सगळ्याचा शेवट जिथे झाला ते चा ताम चर्च तिथे आहे. जाताना मी मामांना आप बाकची लढाई सांगितली. जानेवारी १९६३, साडेतीनशेच्या आसपास कम्युनिस्ट गनीम, त्यांच्यावर चौपट सरकारी फौज, अमेरिकन हेलिकॉप्टरं आणि एम-११३ ही चिलखती वाहनं. अमेरिकन सल्लागार ओरडत असताना वाहनांचा कप्तान पुढे सरकायला वेळ लावत राहिला; फार माणसं मेलेली दिएमना चालत नाहीत हे सगळ्याच अधिकाऱ्यांना ठाऊक होतं. पाच हेलिकॉप्टरं पडली. रात्री गनीम निघून गेले.

त्याच वर्षी बौद्ध भिक्षूंवरच्या दडपशाहीने देश पेटला. ऑगस्टमध्ये न्हूच्या माणसांनी पॅगोडांवर छापे घातले, ते अमेरिकेच्या पैशावर पोसलेल्या खास दलाला घेऊन. १ नोव्हेंबरला सेनापती उठले. अमेरिकेला आधीच माहीत होतं आणि तिने त्यांना अडवलं नाही.

चर्च पिवळसर, दारात चिनी धाटणीची कमान. आत तीन-चार म्हाताऱ्या बसल्या होत्या. एका बाकावर छोटी पट्टी आहे, दिएम इथे बसले होते अशी. २ नोव्हेंबरच्या सकाळी दोघे भाऊ इथे होते. इथूनच फोन करून शरण येत असल्याचं कळवलं. मामा त्याच्या मागच्या बाकावर बसले, टोपी मांडीवर.

थोड्या वेळाने हळूच विचारलं, "न्यायला गाडी कंची आली होती?"

"एम-११३."

"त्या आप बाकातली?"

"तीच जात. या वेळी लगेच आली. हात मागे बांधून दोघांना आत बसवलं, आणि वाटेतच गोळ्या घातल्या."

मामी दारातून हाक मारत होती, बाहेर उसाचा रसवाला बसलाय म्हणून. मामा उठले, बाकावरची पट्टी बोटाने एकदा चाचपली आणि म्हणाले, "चला. लिंबू टाकून देत असतील तर बघा."