निपाणी ते बेळगाव: दोन दिवस लॅनवर आणि ४०० डॉलरचं किट

काउंटर-स्ट्राइक २ या बंदुकांच्या गेमची लॅन, म्हणजे एकाच जागी कॉम्प्युटर जोडून होणाऱ्या मॅच, खेळायला आम्ही पाचजण शनिवारी निपाणीहून बेळगावला गेलो. तवंदी घाटात बस होती तेव्हाच ठरलं होतं की ऑप मी घ्यायची. ऑप म्हणजे एडब्ल्यूपी, हिरवी मोठी स्नायपर. गल्लीतल्या एका दादांनी महिनाभर डोक्यात भरवलं होतं, "ऑप घे, बाकी कशाचं काय लागत नाही बघ." दादांवर राग नाही, पण हा सल्ला नवीन माणसाला सरळ खड्ड्यात घालतो. नेम आणि माऊसवर तुमचा हात बसलाय असं धरून पुढचं लिहितो.

पहिली मॅच इन्फर्नो या मॅपवर होती. पिस्तूल राऊंडला, म्हणजे पहिल्याच राऊंडला, प्रत्येकाकडे गेममधले ८०० डॉलर असतात. आमच्यातल्या तिघांनी ७०० ची डीगल, म्हणजे दांडगं पिस्तूल, घेतली आणि अंगात काही न घालता उभे राहिले. समोरच्यांनी ६५० चं केव्हलर, म्हणजे चिलखत, घेतलं होतं. ते धावत आले आणि आम्ही मिनिटभरात साफ. पहिल्या राऊंडला केव्हलरच घ्या. सीटीकडून, म्हणजे बॉम्ब निकामी करणाऱ्या बाजूने, खेळत असाल तर एकाने केव्हलर सोडून ४०० चं डिफ्यूज किट घ्यायचं, त्यात वाद नको.

आता त्या किटचंच सांगतो, कारण दोन रात्री तेच डोळ्यासमोर येतंय. स्कोअर ११–१२. माझ्याकडे ४७५० ची ऑप आणि १००० चं केव्हलर-हेल्मेट. किटला पैसे उरले नव्हते. बी साईटवर, म्हणजे बॉम्ब लावायच्या दोनपैकी एका जागी, बॉम्ब लागला, आमच्यातला मी एकटा जिवंत, समोरचा शेवटचा गडी मी मारला. बॉम्ब फुटायला ४० सेकंद लागतात. किट असेल तर ५ सेकंदात निकामी होतो, नसेल तर १०. मी बसलो. पट्टी भरत चालली, बीपचा आवाज जवळजवळ येत गेला, मागे उभी असलेली पोरं श्वास धरून. पट्टीचं शेवटचं बोटभर राहिलं आणि फुटला. १३–११ ने गेली मॅच. त्यात ऑपने गडी मारला की फक्त १०० डॉलर मिळतात, रायफलने ३००. म्हणजे महाग घ्यायची, मेलात की गमवायची आणि कमाईही कमी. तीन महिने तरी नव्या माणसाने ऑपला हात लावू नये.

घ्यायचं काय? टीकडून, म्हणजे बॉम्ब लावणाऱ्या बाजूने, एके-४७, २७०० ची. डोक्यात एक गोळी बसली की हेल्मेट असलं तरी माणूस गेला. सीटीकडून २९०० ची एमफोर-ए-वन-एस. तिचा आवाज दबका, हिसका कमी, पण हेल्मेटवाल्याला एका गोळीत पाडत नाही, दुसरी लागतेच. हरल्यावरही पैसे येतात, सलग हरलात की ५००-५०० ने वाढत ३४०० पर्यंत जातात. पिस्तूल राऊंड गेला तर दुसऱ्या राऊंडला पाचहीजणांनी हात आखडायचा. केव्हलर घेऊन उरलेले १५०, मग १९००, मग २४०० धरून तिसऱ्याला ४४५० होतात. त्यात एके, हेल्मेटसकट केव्हलर, एक स्मोक (धुराचा गोळा) आणि एक मोलोटोव्ह (आगीची बाटली) बसतं. आमच्यातला एकजण दुसऱ्या राऊंडला मनानेच मॅक-१० ही छोटी बंदूक घ्यायचा आणि तिसऱ्याला आमच्याकडे हात पसरायचा. त्याच्याशी शनिवारी रात्री चांगलंच वाजलं.

बनाना. इन्फर्नोवर बी साईटकडे जाणारी ती वाकडी गल्ली म्हणजे आमचा तवंदी घाट, वळण संपेपर्यंत पुढचं दिसत नाही. पहिल्या मॅचमध्ये तिथं आम्ही रिकाम्या हाताने अकरा वेळा मेलो, मी मोजलंय. ४०० चं मोलोटोव्ह गाडीमागे टाका, म्हणजे लपलेल्याला बाहेर यावंच लागतं. डोळे दिपवणारा २०० चा फ्लॅश भिंतीवर आपटून वळणापलीकडे टाका, सरळ फेकलात तर आपलेच आंधळे होतात. समोरून आग आली तर तिच्यावर स्मोक टाका, विझते. समोर स्मोक असेल तर ३०० चा एचई, म्हणजे फुटणारा ग्रेनेड, त्यात फेका, क्षणभर भोक पडतं आणि पलीकडचा माणूस दिसतो. जुन्या काउंटर-स्ट्राइकमध्ये हे नव्हतं, म्हणून जुनी माणसं सांगतच नाहीत. ज्याच्याकडे बॉम्ब आहे त्याने बनानात पहिलं शिरायचं नाही.

रविवारी तीन मॅच खेळलो, दोन जिंकल्या, सगळं सुरळीत झालं.

पैशाचं मात्र सांगायलाच हवं. लॅन झाली त्या कॅफेवाले फोनवर तासाला ६० रुपये म्हणाले होते. उठताना काउंटरवर, "हेडसेटचं वेगळं होतंय की." माणशी २० तासाला, पाचजणांचे सहा तास, ६०० रुपये वरचे. आधी बोर्डवर कुठंच नव्हतं. बसायच्या आधी हेडसेट, माऊस, एसी सगळं धरून किती ते विचारा आणि मोबाईलवर लिहून घ्या. आपला हेडफोन न्या, पावलांचा आवाज नीट आला नाही तर बंदूक कुठलीही असो, मागून मरता. माऊसपॅडही न्या, तिथले घामाने गुळगुळीत झालेत.

परतीची बस बेळगावच्या सीबीटी बसस्थानकावरून मिळाली. काकती येईपर्यंत सगळे झोपले होते, मी जागा होतो. पुढच्या वेळी सीटीकडून दोन किट, एक माझ्याकडे आणि एक बी साईटवाल्याकडे. मॅक-१० वाल्याने हो म्हटलंय.