वाळवंटी हवेत लाकडी धनुष्य घेऊन गेलो त्याची गोष्ट

समुद्रकाठच्या दमट हवेतून आम्ही थेट वाळवंटी पठारावर उतरलो. दुपारी आर्द्रतामापक २० टक्क्यांच्या आसपास रेंगाळत होता. सुरुवातीला कुणालाच फरक जाणवला नाही, कारण लाकूड ओल सोडतं ती हळूहळू. मग काही दिवसांनी सगळे खुशीत! बाण सपाट जायला लागले, ताणकाट्यावर ओढ, म्हणजे धनुष्य खेचायला लागणारा जोर, चक्क वाढलेली दिसली.

घात होतो तो या खुशीतच. दमट हवेत धनुष्य तक्रार करतं: मंदावतं, ओढ उतरते, दोरी काढली तरी बाक तसाच राहतो. कोरड्या हवेत ते आधी सुधारल्यासारखं वाटतं आणि मग एकदम तुटतं. साधारण ६५ टक्के आर्द्रतेत लाकडात १२ टक्क्यांच्या आसपास ओल टिकते. हवा २० टक्क्यांवर आली की ती ५ टक्क्यांपर्यंत उतरते. बहुतेक कारागीर ८ ते १० टक्के धरून धनुष्य घडवतात. त्याखाली लाकूड ताठ होतं पण चिवटपणा जातो, आणि पाठीवरच्या, म्हणजे नेमबाजापासून लांबच्या बाजूच्या, तंतूंना पूर्ण खेच सोसत नाही. गाठीजवळ किंवा लाकडातल्या रेषा तुटलेल्या जागी आधी तडकतं.

सगळी लाकडं सारखी वागत नाहीत. दमट हवेत आळशी वाटणारं हिकरी इथे रंगात आलं. यूच्या धनुष्याला मात्र जपावं लागलं. ज्याच्या पाठीवर सरसाने कंडरा (जनावरांच्या स्नायूंना हाडाशी जोडणारे तंतू) चिकटवल्या होत्या ते दोरी काढल्यावर उलट दिशेला जास्तच वळू लागलं, कारण कंडरा वाळून आकसतात.

जाणाऱ्यांनी निघण्याआधी धनुष्याचं वजन ग्रॅमच्या काट्यावर करून लिहून ठेवावं. १० टक्के ओलीचं ५५० ग्रॅमचं धनुष्य ६ टक्क्यांवर ५३० ग्रॅम भरतं. लाकडातली ओल मोजायचं यंत्र नसलं तरी एवढं पुरतं. गिटारच्या पेटीत ठेवतात तशी सुमारे ५० टक्के आर्द्रता राखणारी पुडी घालून धनुष्य बंद नळीत ठेवा. ओला स्पंज नको. एकाच जागी ओल मुरते. टोकांना लाखेच्या पॉलिशचा जादा हात द्या, कारण तिथून ओल सगळ्यात लवकर निघते. तेलाने चमक येते, पण ओल फारशी अडत नाही. पॉलिशही वेग कमी करतं, थांबवत नाही.

तिथे गेल्यावर आधी अर्ध्या खेचेने पाती (धनुष्याचे वाकणारे दोन हात) सैल करा आणि नेहमीपेक्षा इंच-दोन इंच कमीच ओढा. बाणांच्या दोन फेऱ्यांमध्ये दोरी उतरवायचा कंटाळा करू नका. उन्हात उभ्या गाडीत धनुष्य ठेवायचं नाही, तिथे सरसच नव्हे तर इपॉक्सीही मऊ पडू शकतो. पोटावर, म्हणजे नेमबाजाकडच्या बाजूला, लांबट भेग दिसली की नेमबाजी बंद.

परतल्यावर वजन जुन्या आकड्याच्या जवळ येईपर्यंत दोरी चढवू नका. काही आठवडे लागतात.