तुम्ही विचारलंत म्हणून: पुकापुका बेटावरच्या साडेचारशे लोकांची भाषा, पुकापुकन, शिकून काय मिळतं?

दर गणपतीत इथे ऑकलंडला कुणीतरी विचारतंच, आणि वर ऐकवतं की आपल्या पोरांना मराठी येईना आणि ही निघाली पुकापुकन वाचवायला. वाचवायला नाही हो. नोकरीही लागत नाही त्यातून, झालं समाधान?

आधी मी छान उत्तर द्यायचे. पॅसिफिकमधल्या कुक आयलंड्सचं टोकाचं बेट, मुख्य बेट रारोटोंगापासून सुमारे १३०० किलोमीटर, २००५ च्या पर्सी वादळानंतर कितीतरी जण बेट सोडून गेले, भाषेचं सविस्तर व्याकरण २००२ मध्ये झालं तेही पीएचडीसाठी. 'प्रत्येक भाषा म्हणजे एक जग' वगैरेही बोलायचे. आता माझं मलाच ऐकवत नाही.

एक पुकापुकन आजी आहेत, सत्तरीच्या. त्यांचं चाळीस मिनिटं बोलणं रेकॉर्ड करून मी घरी टाइप केलं. मी आधी रारोटोंगाची भाषा शिकलेली. तिथे र, तर इथे ल. तिथे दोन म्हणजे रुआ, इथे लुआ, तिथे घर म्हणजे आरे (कॉलनी नव्हे), इथे वाले (हसून घ्या एकदाचं). मला ल ऐकू येत होता, बहिरी नव्हते, पण डोक्यात पक्कं बसलेलं की ती प्रमाण, ही बोली, म्हणून सगळीकडे र करून टाकला आणि वर स्वतःलाच शाबासकी, काय नीटनेटकं झालंय. कागद घेऊन गेले. आजींनी चष्मा लावला, पहिलं पान वाचलं. दुसरं उलटलंच नाही. "शाळेत मास्तर असंच करायचे," एवढंच म्हणाल्या आणि चहा ठेवायला उठल्या.

शाळेत रारोटोंगन, चर्चमधलं बायबल रारोटोंगन, ल काय तो घरात. आणि साठ वर्षांनी ही शहाणी बाई परत र घेऊन त्याच घरात.

तेव्हा मी मनातल्या मनात खूप भांडले, की कुक आयलंड्सच्या २००३ च्या ते रेओ माओरी कायद्यातच पुकापुकनला माओरीत, म्हणजे रारोटोंगनसकट तिथल्या भाषेत, धरलंय, माझं काय चुकलं? पण त्याच कायद्याने तिचं नाव वेगळं घेतलंय, ते मी सोयीने विसरले. आणि माझी आजी 'पानी' म्हणायची तेव्हा दरवेळी 'पाणी गं' करून तिला गप्प करणारीही मीच. दहा वर्षांची होते, मान्य. पण तीस वर्षांनी तरी काय शिकले होते?

काय मिळतं ते मला खरंच माहीत नाही. ल घालून सगळं परत टाइप केलंय, आजींनी अजून मागितलेलं नाही. रविवारी जाते, गप्पा होतात. रेकॉर्डर तेवढा घरी ठेवून ये म्हणतात.