गुगल मॅप बंद पडतो त्या गावात तीन दिवस पायी

मी मूळचा साताऱ्याचा, सध्या कामानिमित्त मेक्सिकोत केरेतारोला असतो. नोव्हेंबरात तिसऱ्या सोमवारी क्रांतिदिनाची सुट्टी असते, ती जोडून तीन दिवस ग्वानाह्वातोला जाऊन आलो. फक्त चालायचं असं ठरवून गेलो होतो. ट्रेकिंगची सवय आहे, फोनमध्ये मॅप डाउनलोड केलेला, म्हटलं अवघड काय त्यात. पहिल्या अर्ध्या तासात सगळी हवा निघाली.

केरेतारोहून बसने अडीच-तीन तास लागतात, पण स्टँड गावाबाहेर आहे, तिथून सिटी बस पकडायची. ती बस मधेच एका बोगद्यात शिरली आणि ड्रायव्हर म्हणाला, सेंत्रो, म्हणजे गावाचा मध्यभाग, उतरा. बोगद्यात! आजूबाजूला दगडी कमानी, ओल, डिझेलचा वास, आणि लोक असे उभे जसे आपण स्वारगेटला उभे असतो. फोन काढला तर निळा ठिपका बस जिथं आत शिरली तिथंच अडकलेला. एक जिना दिसला तो चढून वर आलो, मग ठिपका उडी मारून बरोब्बर लॉजपाशी, ४० मीटर दाखवत होता. खूश झालो. ते ४० मीटर मुख्यतः उभे होते हे नंतर कळलं. दोनशेच्या वर पायऱ्या असतील, पाठीला सॅक, आणि गाव समुद्रसपाटीपासून साधारण २००० मीटरवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या टोकापेक्षाही उंच, दोन वळणांनंतर तोंडाला फेस.

मधे एका काकांना विचारलं तर म्हणाले, "तोदो देरेचो". मी उजवीकडे वळलो, कारण मला 'देरेचा' म्हणजे उजवी एवढंच पाठ होतं. देरेचा म्हणजे उजवीकडे, देरेचो म्हणजे सरळ. शेवटच्या एका अक्षरापायी एका कुटुंबाच्या वाळत घातलेल्या कपड्यांत जाऊन उभा राहिलो. कुणी जाणार असेल तर बाकी स्पॅनिश नाही आली तरी चालेल, एवढा फरक घोकून जा. आणि 'आकी नोमास', म्हणजे 'हे काय इथंच', म्हणाले तर विश्वास ठेवू नका. आपल्याकडे गावात म्हणतात ना, हे काय, हाकेच्या अंतरावर, आणि मग माणूस तासभर चालतो, तसलाच प्रकार.

लॉज म्हणजे एका सत्तरीच्या बाईंच्या घरातली वरची खोली. सेन्योरांनी मला घामाघूम बघून आधी पाणी दिलं आणि मग फोन माझ्या हातातून घेऊन टेबलावर पालथा ठेवला. म्हणाल्या, "इथं हे चालत नाही मिहो. हरवलास की खाली उतर." मिहो म्हणजे आपलं 'बाळा'.

गंमत म्हणजे सह्याद्रीत आम्हाला बरोबर उलटं शिकवलंय. वाट चुकली तर ओढ्याने उतरायचं नाही, कारण ओढा शेवटी कड्यावर नेऊन सोडतो. त्यांना ते मोडक्यातोडक्या भाषेत सांगितलं तर हसल्या आणि बोटाने जमिनीकडे दाखवलं, की नदी खाली आहे.

ते नीट समजल्यावर अख्खं गाव उलगडलं. ग्वानाह्वातो एका चिंचोळ्या घळीत वसलंय, चांदी सापडली म्हणून, नाहीतर असल्या जागी कुणी गाव वसवलं नसतं. मधून नदी, दोन्ही बाजूंनी डोंगरावर घरं. नदीला पूर यायचे, १७६०, १७८०, मग १९०५ चा तर भयंकर. पूर आला की लोक नदीवर कमानी टाकून वरच्या अंगाला रस्ते आणि घरं चढवत गेले. तेआत्रो ह्वारेस या नाटकगृहाच्या शेजारी सान दिएगोचं चर्च आहे, त्यांच्या जुन्या मठाचे अवशेष आजच्या रस्त्याच्या पातळीखाली आहेत, उतरून बघता येतात. १९०५ नंतर पाणी काढून द्यायला वेगळा बोगदा खोदला, नदीचं जुनं पात्र कोरडं पडलं आणि १९६० च्या दशकात त्याचाच भुयारी रस्ता केला. म्हणजे मी ज्या बोगद्यात उतरलो ती नदी होती. आणि सगळे बोळ, इथं कायेहोन म्हणतात, शेवटी त्या नदीकडेच उतरतात. कितीही वेड्यावाकड्या बोळात शिरा, पायऱ्या उतरत राहिलं की दहा-पंधरा मिनिटांत एखाद्या चौकात येताच.

संध्याकाळी मुद्दाम प्रयोग केला. वर चढत गेलो, मिळेल त्या बोळाने, फोन खोलीवर. पाच मिनिटांत पूर्ण हरवलो. गुलाबी घर, निळं घर, कुत्रं, कुंड्या, बंद दार, परत फिर. मग उतरायला लागलो आणि आपोआप हार्दिन दे ला उनियोनमध्ये आलो, तो तिकोनी बाग. तिथली झाडं छाटून अशी केलीत की वर हिरवी स्लॅब टाकल्यासारखी वाटते, सावली एकदम गच्च. बेंचवरच्या एकाने झाडाचं नाव सांगितलं लाउरेल दे ला इंदिया, आणि पान हातात घेऊन बघतोय तर आपला नांद्रुक! इतक्या लांब येऊन नांद्रुकाखाली बसून कणीस खाल्लं, मिरची-लिंबू लावून, फक्त वर चीज आणि मेयोनीज. मेयोनीज नको म्हणायला विसरलो.

चुंबनाचा बोळ, कायेहोन देल बेसो, तोही बघितला. सर्वांत अरुंद जागी ६८ सेंटीमीटर, समोरासमोरच्या गॅलऱ्यांतून प्रेमिकांनी भेटायचं अशी दंतकथा. जोडप्यांची भलीमोठी लाइन. एकट्या माणसाला तिथं काम नाही, पुढे निघालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोंगरावरचा पीपिलाचा पुतळा. नाटकगृहाच्या मागून फ्युनिक्युलर आहे पण मी बोळाने चढलो, वीस मिनिटं. पीपिला हा खाणकामगार, २८ सप्टेंबर १८१० ला स्वातंत्र्ययुद्धात स्पॅनिश लोक आल्होंदिगा या धान्याच्या कोठारात लपून बसले तेव्हा पाठीवर दगडाची फरशी बांधून गोळ्या झेलत दारापर्यंत गेला आणि दार पेटवलं अशी कथा. पुतळा प्रचंड आहे. खाली लिहिलंय, अजून पेटवायच्या आल्होंदिगा बाकी आहेत. वरून गाव दिसतं, पिवळी बासिलिका, विद्यापीठाची पांढरी इमारत, आणि ते कोठार, ज्याच्या चार कोपऱ्यांवर पुढे स्वातंत्र्ययुद्धाचा नेता इदाल्गो आणि त्याच्या तीन साथीदारांची मुंडकी दहा वर्षं टांगून ठेवली होती. खाली जाऊन त्या कोपऱ्यांपाशी उभा राहिलो तर एका कोपऱ्याखाली शाळेची पोरं चिप्स खात बसलेली.

दुपारी वालेन्सियानाला बसने गेलो आणि परत चालत आलो. हा उलटा क्रम लक्षात ठेवा, चढ बसला द्यायचा, उतार पायांना. तिथं खाण आहे आणि खाणीच्या पैशांतून उभं राहिलेलं सान कायेतानोचं चर्च, १७८८ चं, आत वेदीवर सोन्याचा मुलामा इतका की डोळे दिपतात. जर्मन संशोधक हुम्बोल्ट १८०३ मध्ये या खाणीत उतरला होता. स्पॅनिश रियाल तेव्हा सुरतेच्या बाजारातही चालायचे, त्यातली थोडी चांदी या डोंगराची असेल का असं सारखं मनात येत होतं. उतरताना मात्र फुटपाथ मधेच गायब होतो आणि गाड्या अंगावरून जातात, तेवढा पट्टा भीतीचा आहे. गुडघ्यांचीही वाट लागते. खाली येऊन मेर्कादो इदाल्गो या बाजाराच्या लोखंडी छताखाली भोपळ्याच्या फुलांची केसादिया खाल्ली, आजी फुलांची भजी करायची त्याची आठवण आली.

आता तिसरा दिवस, जिथं माती खाल्ली. प्रेसा दे ला ओया म्हणून गावाच्या वरच्या टोकाला जुनं धरण आहे, जुलैच्या पहिल्या सोमवारी त्याचे दरवाजे उघडायचा सोहळा करतात, बॅन्ड वगैरे. तिथून वर बुफाचा डोंगर. कड्यापाशी सान इग्नासिओची गुहा आहे, ३१ जुलैला गावकरी जत्रेला येतात. मी गेलो तेव्हा चिटपाखरू नव्हतं. वाट चांगली मळलेली, दोन्ही बाजूंना निवडुंग, कातळावर भन्नाट वारा, घरचा डोंगर वाटावा असा. तासाभरात वर. आणि उतरताना दोन दिवसांच्या यशाने शेफारलेला मी वाट सोडून शॉर्टकट म्हणून एका घळीत शिरलो. सेन्योरांचा नियम ना, खाली उतर!

पंधरा मिनिटं मस्त गेली. मग घसारा सुरू झाला, एका दगडाला धरलं तो हातात आला, दुसऱ्या हाताने जे धरलं तो निवडुंग होता. पुढे दोन पावलांवर घळ संपली होती. कडा. फार मोठा नसेल, दोन मजले, पण दोन मजले पुरतात. तिथं बसकण मारून दातांनी काटे काढले आणि पहिली आठवण आली आमच्या ग्रुपच्या दादाची, जो ओढ्याने उतरणाऱ्याला सरळ शिव्या घालायचा. मग गुपचूप आल्या वाटेने अर्धा तास वर चढलो, वर कुत्रं घेऊन पळायला आलेल्या एका मुलीने हात बघून काही न विचारता पाण्याची बाटली पुढे केली आणि मळलेली वाट दाखवली.

घरी सेन्योरांनी चिमट्याने राहिलेले काटे काढले. मी म्हटलं, तुम्हीच सांगितलं होतंत खाली उतर म्हणून. त्या म्हणाल्या, "गावात, मिहो. गावात."

दुसऱ्या दिवशी निघताना त्यांनी विचारलं, स्टँडची बस कुठून मिळते माहितीय ना? म्हटलं हो, एवढं कळलंय आता. रुबाबात पायऱ्या उतरून बोगद्यात गेलो, पहिली बस आली ती पाटी न वाचताच पकडली, आणि तिने मला परत प्रेसाला नेऊन सोडलं.