राडा

तुम्ही विचारलंत म्हणून. लग्नात, बँकेच्या रांगेत, परवा तर दाताच्या डॉक्टरांनी माझंच तोंड उघडं ठेवून विचारलं, "बाई, ही पोरांची भाषा येते कुठून? आणि मराठीच्या शिक्षिका असून तुम्ही त्यांचीच बाजू घेता?"

येते आपल्याच घरातून. भाडं आगाऊ देतो आणि पोरगंही आगाऊ असतं. दोघांनाही वेळेआधी पुढे यायचं असतं. 'शहाणा'तला ह गाळून 'शाणा' म्हटलं की कौतुकाची शिवी होते. 'भारी' आधी वजनाला, मग किमतीला, आता कशालाही. यात परकं काय आहे?

मीही एकेकाळी हे सगळं लाल पेनानं खोडायची. सातवीच्या वर्गात पावसाळ्यावर निबंध दिला होता. पर्वतीच्या पायथ्याला राहणाऱ्या एका मुलानं लिहिलं, 'पाऊस आला की आमच्या दारात राडा होतो.' मी ते वर्गात मोठ्यानं वाचलं. वर, "किती डोकी फुटतात रे?" वर्ग खिदळला. तो उभा, बोटं चड्डीच्या शिवणीवर. म्हणाला, "मारामारी नाही बाई. राडा. पाय रुततो." मी म्हटलं, उलट उत्तर नको. आणि वही दिली नाही, टाकली.

संध्याकाळी दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश काढला. १९३२ ते १९३८मध्ये आपल्याच पुण्यात निघालेला, आणि माझ्या कपाटात धूळ खात पडलेला. राडा म्हणजे चिखल. चिखलावरून घाण, घाणीवरून गोंधळ, गोंधळावरून हाणामारी. 'राडारोडा टाकू नये' ही पाटी मी येता-जाता वाचत होते की! पोराचा अर्थ जुना होता. टपोरी अर्थ तेवढा मला ठाऊक होता.

माफी मागितली का? नाही. पुढच्या निबंधाला दोन गुण जास्त दिले. वार्षिक परीक्षेत त्यानं 'चिखल' लिहिलं.

मग 'छपरी'ही चालवून घ्या, म्हणाल. नाही घेणार. केसांवरून, गाडीवरून गरिबाच्या पोराला हिणवायचा शब्द आहे तो. नात म्हणते, "आजी, आम्ही मैत्रिणी एकमेकींना लाडानं म्हणतो." म्हणत असतील. 'राडा' खोडताना माझी अशीच खात्री होती, हेही तिनं ऐकवून झालंय.

तरी माझ्या घरात नको.